कारणासाठी दोन ओळी

केटरिंगच्या बाहेर, गालिच्यांच्या गोदामाला लागून आमचं दुकान.
आत शिरलं की लाकडाचा भुसा, सुकं गवत,
आणि पाण्याच्या बाटल्यांच्या तोंडाशी स्टीलच्या गोळ्या,
टिक् टिक्, टिक् टिक्,
वीस-पंचवीस घड्याळं जणू
आणि दोघांची वेळ जुळत नाही.

पिल्लं पुढं असतात, काचेमागं, उजेडात.
मागं, मांजरांच्या वाळूच्या पोत्यांपलीकडं,
एक निळी पाटी: दत्तक.
तिथं येतात न खपलेले.
आठ आठवड्यांचा ससा बेचाळीस पौंड.
पाच महिन्यांचा झाला, पाय लांबले, चेहऱ्यावर शहाणपण आलं,
की किमतीची चिठ्ठी नखानं खरवडून काढायची
आणि शेजारी देणगीचा डबा ठेवायचा.
ग्लेंडा म्हणते, आजपासून हा माल नाही, पाहुणा.
खाणं तेच, पिंजरा तोच, मीही तीच.

तिथंच येतात परतीचे.
पुठ्ठ्याच्या खोक्यातून, मांजराच्या पेटीतून,
एकदा तर सहलीच्या टोपलीतून, वर टॉवेल.
ईस्टर होऊन सहा आठवडे झाले की पहिली लाट.
फॉर्मवर कारणासाठी दोन ओळी आहेत.
मुलाला ॲलर्जी.
घर बदललं.
वाटलं होतं दोन्ही माद्या आहेत.
गिनीपिग रात्री शिट्ट्या मारतो.
एका बाईनं पेन बराच वेळ नुसतं धरून ठेवलं,
मग लिहिलं, तो चांगला आहे.
दुसरी ओळ कोरी.

चहाच्या सुट्टीत मी ग्लेंडाला म्हटलं,
आमच्याकडं एक शब्द आहे, ससेहोलपट.
म्हणजे?
म्हणजे इकडून हाकललं, तिकडून हाकललं,
कुठंच टेकू दिलं नाही, दम लागला, असं काहीतरी.
यात ससा आहे?
हो, सुरुवातीलाच.
तिनं दोनदा म्हणून पाहिला,
‘होलपट’ तिच्या दाताशी अडखळला.
तुमच्या लोकांनी ससा नीट पाहिलाय, म्हणाली.
मागून, मी म्हटलं. पळताना.

मिस्टर पेटिफर आले तेव्हा पाऊस होता, त्यांच्या टोपीवरून
थेंब सरळ गिनीपिगच्या गवतात.
एक कान पडलेला करडा ससा त्यांना हवा होता.
जोडी आहे, मी म्हटलं, फोडत नाही आम्ही.
हम्म, म्हणाले, आणि गेले.
पुढच्या शनिवारी फोटो घेऊन आले:
बायकोच्या टोमॅटोंचं काचघर, काचा काढलेल्या, जाळी मारलेली.
सहा फूट बाय दोन लागतं ना किमान? हे नऊ बाय सहा आहे.
वय विचारलं. एकोणऐंशी.
फॉर्मचा शेवटचा प्रश्न:
तुम्हाला जमेनासं झालं तर कोण सांभाळेल?
त्यांनी लिहिलं, शेजारची मुलगी, वय अकरा.
खोडलं.
चष्मा पुसला.
तुमचं नाव लिहू का?

मी जिथं राहते त्या खोलीच्या करारात
पाळीव प्राणी नकोत, भिंतीला खिळा नको,
फोडणीचाही विषय घरमालकानं एकदा काढून झालाय.
आर, ए, एन, मी सांगत गेले,
पी, मग आय,
रणपिसे.
प्रत्येक अक्षराला ते मान हलवत होते.
करड्यानं खोक्यात मागचा पाय आपटला, एकदाच.
त्याची ती हलक्या कानाची सोबतीण गवत चघळत राहिली.

गुरुवारी गाडी आली. दहा पिल्लं, मुठीएवढी.
निळ्या पाटीखालचा पिंजरा मी व्हिनेगरनं पुसला,
कोपऱ्यात करड्या केसांचा एक झुपका सापडला,
तो एप्रनच्या खिशात तसाच राहिला.
मग पुढं येऊन दहा चिठ्ठ्या लावल्या. बेचाळीस. बेचाळीस.

पेटिफरांचा फोन आलेला नाही.
न येवो.
पण काल रात्री टेप घेऊन मी गुडघ्यांवर बसले होते:
पलंगाखालच्या दोन सुटकेसा हलवल्या
तर सहा बाय दोन बसतं.